ज्येष्ठ, पण कोणत्या यादीत?

ठाण्यातला ६२ वर्षांचा एक निवृत्त गृहस्थ घ्या. नौपाड्यातल्या बँकेत तो ज्येष्ठ आहे. मुदत ठेवीवर बहुतेक बँका त्याला इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त व्याज देतात. तिथून तो खोपटच्या एसटी स्थानकावर गेला की कंडक्टर पूर्ण तिकीट मागतो, कारण एसटीचा ज्येष्ठ ६५ व्या वर्षी सुरू होतो. पंचाहत्तरी गाठली की भाडंच माफ. ऑगस्ट २०२२ पासूनच्या या सवलतीचं नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’. रेल्वेत खालचा बर्थ मागायला साठी पुरते, पण तिकिटातली सूट मार्च २०२० मध्ये बंद झाली. आयुष्मान योजनेचं, ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड सत्तरीला मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार ६५ ला, आणि तेही वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. प्राप्तिकर खात्याने ऐंशीच्या पुढच्यांसाठी ‘अतिज्येष्ठ’ अशी आणखी एक पायरी बांधली आहे.

त्याची ५८ वर्षांची पत्नी शेजारी उभी असेल तर गंमत वाढते. तिला एसटीत अर्धं तिकीट, कारण मार्च २०२३ पासून महिलांना ते सरसकट आहे. खालच्या बर्थच्या कोट्याला तर ती ४५ ची झाली तेव्हापासूनच पात्र आहे. म्हणजे एका घरात दोघं, आणि कोण कुठे ज्येष्ठ हे खिडकीगणिक बदलतं.

लोक याला सरकारी गोंधळ म्हणतात. मला तो गोंधळ वाटत नाही. ज्येष्ठ हा शब्द माणसाच्या अंगी असलेला गुण सांगतच नाही, तो यादीतली जागा सांगतो. यादी कुणी लावली, कशासाठी लावली आणि कोणत्या तारखेपासून मोजली हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. बहुतेक भांडणं हे न विचारल्यामुळे होतात.

तारखेचंच बघा. बँकेत व्याजदर ठरतो तो ठेव ठेवल्याच्या दिवशीच्या वयावर. साठाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी पाच वर्षांची पावती केली, तर पुढची पाच वर्षं साधाच दर. मधे साठी उलटली म्हणून बँक तो आपणहून वाढवत नाही. संयुक्त खात्यात तर वयाला आणखी एक अट लागते: पहिलं नाव ज्येष्ठाचं हवं. मुलगा पहिला आणि वडील दुसरे असतील तर बँकेच्या लेखी ते खातं तरुणाचं. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र निवृत्त झालेल्यांना पंचावन्नच्या पुढेच, साठीच्या आधी, आत घेते. ते बरंच आहे, कारण राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारी ५८ ला घरी बसतो आणि पैसे हातात येतात तेव्हा सर्वसाधारण व्याख्येने तो अजून ज्येष्ठ झालेला नसतो. मर्यादा ३० लाखांची, मुदत ५ वर्षांची, आणि निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत खातं उघडायला हवं. हा शेवटचा कलम विसरणारे पुष्कळ.

एका दिवसाने काय फरक पडतो ते १ एप्रिलला जन्मलेल्यांना विचारावं. त्यांचं साठावं वर्ष ३१ मार्चला पुरं झालं असं धरायचं, म्हणजे सरत्या आर्थिक वर्षातच ते ज्येष्ठ, असं प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. सरकारी नोकरीत हाच नियम उलटा बोचतो. महिन्याच्या कोणत्याही तारखेला जन्मलेला माणूस त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. फक्त १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस. महाराष्ट्रात एका पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लावून टाकली. ही सगळी मंडळी ३१ मे रोजी एकगठ्ठा निवृत्त होतात. २ जूनचा जन्म असता तर आणखी एक महिन्याचा पगार मिळाला असता. शिवाय ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांसाठी १ जुलैची वेतनवाढ काल्पनिक धरून निवृत्तिवेतन काढण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोकळा केला, तोही यांच्या हाती लागत नाही. दाखल्यावरची ती तारीख बदलायची तर नोकरीत लागल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. निवृत्तीच्या तोंडावर केलेले अर्ज फेटाळले जातात आणि न्यायालयंही ते उचलून धरत नाहीत.

आधार कार्डाची अडचण वेगळी. जुन्या कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं, आणि मग एसटीत वाद होतो: पासष्टावं लागलं की पुरं झालं? आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून घाईने अंदाजाची तारीख भरू नये. शाळा सोडल्याचा दाखला हाती घेऊनच केंद्रावर जावं. आधार हा वयाचा निर्णायक पुरावा नव्हे, दाखला त्याहून भक्कम, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं आहे.

आता मूळ शब्दाकडे. वय आणि मान यांची गाठ त्यात आपल्या कचेऱ्यांनी मारलेली नाही, ती पाणिनीच्या सूत्रांतच आहे. ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ हे तुलनेचे प्रत्यय लागताना काही शब्द आपलं रूप टाकून देतात. ‘प्रशस्य’, म्हणजे स्तुतीला पात्र, याच्या जागी ‘श्र’ येतो आणि श्रेष्ठ तयार होतो. लगेच पुढचं सूत्र म्हणतं ‘ज्य च’: त्याच्या जागी ‘ज्य’ही येतो. त्याच्या पुढचं म्हणतं ‘वृद्धस्य च’: वृद्ध शब्दालाही हाच आदेश. म्हणजे ज्येष्ठ दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचतो. सगळ्यांत स्तुत्य तो ज्येष्ठ आणि सगळ्यांत वयस्कर तोही ज्येष्ठ. समोरच्याने त्यातला कोणता अर्थ घेतला हे व्याकरण सांगत नाही. कनिष्ठची तीच कथा. ‘युवा’ आणि ‘अल्प’ या दोन्हींच्या जागी ‘कन्’ येतो, म्हणून कनिष्ठ म्हणजे सगळ्यांत लहान वयाचा आणि सगळ्यांत थोडाही. करंगळीला कनिष्ठिका म्हणतात ती वयामुळे नव्हे.

‘इष्ठ’ म्हटलं की ‘सर्वांत’ त्यातच आलं, त्यामुळे ‘सर्वांत ज्येष्ठ’ चूक, असं काही शुद्धलेखनप्रेमी बजावतात. मराठीने हा शब्द घेताना त्याची ती धार बोथट करून घेतली. ‘माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्येष्ठ’ हे आपल्याकडे बिनचूक मराठी आहे. ‘ज्येष्ठतम’ मात्र नको. दोन प्रत्यय एकावर एक चढवून काही हाती लागत नाही.

स्पेलिंगबद्दल मात्र मी आग्रही आहे, कारण चुकीच्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात: ‘जेष्ठ नागरिक कट्टा’, ‘ज्येष्ट नागरिकांसाठी राखीव’. लक्षात ठेवायला सोपं आहे. तुलनेतला परमोच्च सांगणारा ‘इष्ठ’ असेल तिथे ठ: श्रेष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, गरिष्ठ, पापिष्ठ. ‘झालेलं, केलेलं’ असा अर्थ असेल तिथे ट: नष्ट, भ्रष्ट, दुष्ट, पुष्ट, इष्ट. स्वादिष्ट हा शब्द मूळ ठ सोडून मराठीत ट घेऊन स्थिरावला, त्याला तसंच राहू द्यावं. ज्येष्ठमधाचा तर वयाशी सुतराम संबंध नाही. तो संस्कृतातला यष्टिमधु, गोड काडी. य चा ज झाला आणि मग लोकांनी त्याला ज्येष्ठपण बहाल केलं.

मराठीने शेजारच्या हिंदीपेक्षा एक वाटणी निराळी केली. हिंदीत ‘वरिष्ठ नागरिक’, आपल्याकडे ‘ज्येष्ठ नागरिक’. आपण वरिष्ठ हा शब्द बहुतांशी हुद्द्यासाठी राखला: वरिष्ठ लिपिक, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’. ठाण्याच्या किंवा वाशीच्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक म्हणजे त्या ठाण्याचा प्रमुख. हाताखालचा हवालदार वयाने मोठा असला तरी वरिष्ठ तो नव्हे. विधानपरिषद वरिष्ठ सभागृह आणि विधानसभा कनिष्ठ. आणि पैशाचं विधेयक, सरकार पाडणं हे सगळं कनिष्ठ सभागृहाच्या हातात. शाळेतही दहा अधिक दोनचा आकृतिबंध १९७५ मध्ये आला तेव्हा अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय म्हटलं, पण जोडीला ज्येष्ठ महाविद्यालय कुणी म्हटलं नाही. तिथे वरिष्ठच.

ज्येष्ठ हा शब्द हुद्द्याच्या राज्यात शिरतो तो सेवाज्येष्ठतेत, आणि तिथे त्याच्याइतका भांडखोर शब्द दुसरा नाही. पदोन्नती, समायोजन, अतिरिक्त ठरणं, मुख्याध्यापकाची खुर्ची, सगळं त्यावर. कार्यालयात दरवर्षी १ जानेवारीची ज्येष्ठतासूची काढतात. आधी तात्पुरती, मग हरकती, मग अंतिम. पाया असा की त्या पदावरची अखंड नियमित सेवा मोजायची. एकाच निवडयादीतून आलेल्यांत गुणवत्ताक्रम बघतात, रुजू होण्याची तारीख नाही. पाचव्या क्रमांकाचा उमेदवार पंधरा दिवस आधी हजर झाला म्हणून तो दुसऱ्या क्रमांकाच्या वर जात नाही. दोघांची तारीख सारखीच आणि क्रमही नाही, अशा वेळी सर्वसाधारणपणे वयाने मोठा तो वर. म्हणजे वयाचा विचार होतो, पण सगळ्यात शेवटी, बरोबरी फोडायला. ज्या शब्दाचा पहिला अर्थ वय आहे त्याच्या यादीत वयाला शेवटचं पान, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

यातला खरा मुरलेला शब्द म्हणजे ‘मानीव दिनांक’. एखाद्याची पदोन्नती कार्यालयाच्या चुकीने किंवा चौकशीत अडकल्याने उशिरा झाली, तर त्याच्या खालचा ज्या दिवशी वर चढला तो दिवस यालाही बहाल करतात. प्रत्यक्षात त्या दिवशी तो त्या खुर्चीवर नव्हता. कागदावर होता असं मानायचं. हा दिनांक आदेशात मिळतो, पण सेवापुस्तकात चढवून घेतला नाही तर पुढच्या सूचीत आस्थापनेचा लिपिक जुनीच तारीख उतरवतो, आणि चार वर्षांनी भांडण नव्याने सुरू होतं. उलट बाजूने, तात्पुरती किंवा तदर्थ पदोन्नती कितीही वर्षं चालली तरी ती नियमित सेवेत धरली जाईलच असं नाही. विभागीय परीक्षेचंही असंच. ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या संधींत ती सुटली नाही तर अनेक संवर्गांत मागून आलेला पुढे जातो. सूची हाती आली की माणसं आपलं नाव शोधतात, क्रमांक बघतात आणि सही करून टाकतात. बघायच्या असतात त्या तारखा: जन्माची, नियुक्तीची, नियमित नियुक्तीची, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची. हरकतीची मुदत संपली की मग न्यायाधिकरणाच्या पायऱ्या, आणि तिथला पहिलाच प्रश्न असतो, इतकी वर्षं का गप्प बसलात?

ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांना याचा एक खास अनुभव आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी जव्हारहून मुरबाडला बदली ही जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होती. आता ती आंतरजिल्हा. विनंतीवरून जिल्हा बदलला की नव्या जिल्हा परिषदेच्या यादीत तुम्ही तळाला जाता. वीस वर्षं शिकवलेलं असो, तिथे कालच लागलेल्याच्या खाली. पगार, निवृत्तिवेतनाची सेवा कायम राहते. ज्येष्ठता तेवढी शून्य. घराजवळ येण्याची ही किंमत संमतिपत्रावर आधीच लिहून घेतात.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतली, ज्येष्ठता ठरवणारी अनुसूची ‘फ’ चालते. तिथे शिक्षकांचे पात्रतेनुसार प्रवर्ग आहेत आणि प्रशिक्षित पदवीधरांच्या प्रवर्गात माणूस शिरतो तो पात्रता पुरी झाल्याच्या दिवशी. २००१ मध्ये लागलेल्या पण बी.एड. २००८ मध्ये पूर्ण केलेल्या शिक्षकाच्या वर, २००५ मध्येच बी.एड. घेऊन लागलेला बसतो. शिक्षककक्षात मात्र चहा आधी कुणाला द्यायचा हे वयावर ठरतं, म्हणून मुख्याध्यापकाच्या नेमणुकीच्या दिवशी सगळ्यांना धक्का बसतो. संस्थेने सूची दरवर्षी काढून सह्या घेतल्या असत्या तर धक्क्याला जागा नव्हती.

वकिलीत या शब्दाचा वापर सर्वांत सैल आहे. वर्तमानपत्रं ‘ज्येष्ठ विधिज्ञ’ हे बिरुद पांढऱ्या केसांवरून वाटतात. खरं तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या १६ व्या कलमाने ज्येष्ठ अधिवक्ता हा वेगळा वर्ग आहे. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय तो दर्जा देतं, तोही वकिलाच्या संमतीने. दर्जा मिळाला की गाऊन बदलतो आणि बंधनंही येतात: त्याला स्वतः वकीलपत्र दाखल करता येत नाही, दुसऱ्या वकिलाला बरोबर घेतल्याशिवाय उभं राहता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात चाळीस वर्षं काढलेले, सगळे ज्यांना वाकून नमस्कार करतात असे वकील या अर्थाने ज्येष्ठ नसतात, आणि पंचेचाळिशीतला एखादा असतो. पक्षकाराने फी ठरवण्याआधी हा फरक समजून घेतलेला बरा.

न्यायमूर्तींची ज्येष्ठता तर मिनिटांवर येते. सर्वोच्च न्यायालयात ती शपथेच्या क्रमाने मोजतात. १० ऑक्टोबर २०११ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. चेलमेश्वर यांनी एकाच दिवशी शपथ घेतली. मिश्रा आधी, चेलमेश्वर नंतर. चेलमेश्वर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आधी झाले होते. पण सरन्यायाधीश मिश्रा झाले, चेलमेश्वर निवृत्त झाले. लोकसभेतही २०२४ मध्ये हंगामी अध्यक्षपदावरून असाच खडाखडीचा वाद झाला. सर्वांत ज्येष्ठ सदस्याला ते पद देण्याचा प्रघात. के. सुरेश आठ वेळा निवडून आलेले, पण मधे खंड. भर्तृहरी महताब सात वेळा, सलग. सरकारने सलग सेवा धरली. कोणत्याही मंत्रालयीन लिपिकाला हा युक्तिवाद तोंडपाठ असेल: अखंड सेवा.

‘ज्येष्ठ साहित्यिक’, ‘ज्येष्ठ पत्रकार’, ‘ज्येष्ठ नेते’ यांना मात्र यादीच नाही. तारीख नाही, परीक्षा नाही, शपथ नाही. म्हणून तिथे हा शब्द नुसता आदराचा राहतो आणि स्वस्त होतो. ठाण्यातल्या कार्यक्रमपत्रिकांत सूत्रसंचालक सोडून मंचावरचे सगळे ज्येष्ठ असतात. कुणाला ज्येष्ठ म्हणावं असा प्रश्न पडला तर त्याच्या कामाचं नाव लिहावं, वय आपोआप कळतं.

घरातली ज्येष्ठता मराठीने संस्कृतावर सोपवली नाही. तिथे थोरला-धाकटा, वडील, मोठी आई. ‘वडील’ म्हणजे बाप आणि ‘वडील’ म्हणजे वयाने मोठा. वडील बंधू, वडीलधारी माणसं, वडिलोपार्जित जमीन, सगळं एकाच शब्दातून. राजघराण्यांनीही हेच वापरलं. देवासच्या पवारांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. थोरले बाजीराव म्हणतो ते दुसऱ्या बाजीरावापासून वेगळे काढायला, आणि हळूहळू ‘थोरले’ म्हणजे मोठ्या कर्तृत्वाचे असं वाटू लागतं. पुन्हा वयातून मान.

सुनांची थोरवी कशी ठरते हे बघण्यासारखं आहे. थोरली जाऊ म्हणजे थोरल्या मुलाची बायको. ती धाकटीपेक्षा पाच वर्षांनी लहान असली, तिचं लग्न नंतर झालं असलं, तरी थोरली तीच. सासरच्या ज्येष्ठतासूचीत तिला नवऱ्याचा मानीव दिनांक मिळतो.

नवी मुंबईच्या मूळ गावांत, घणसोलीला, कोपरखैरण्याला, करावे-दिवाळ्याला, थोरलेपणाला सातबाराचं वजन आलं. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं दिसतात: एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे ‘ए.कु.क.’, म्हणजे कर्ता. नाव एकाचं, जमीन सगळ्या भावांची, असा त्याचा अर्थ. गावात हे सगळ्यांना ठाऊक असेपर्यंत काही अडलं नाही. सिडकोसाठी संपादन झालं, पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची पात्रता उताऱ्यावरून ठरू लागली, आणि थोरल्याच्या वारसांनी ‘आमच्या बाबांचं नाव आहे’ म्हटल्यावर धाकट्यांच्या मुलांना ती तीन अक्षरं शोधत फिरावं लागलं. अडचण अशी की उतारा पुन्हा लिहिताना कधी ती अक्षरं गळून गेलेली असतात. तेव्हा आजचा सातबारा बघून थांबू नये, जिथे ए.कु.मॅ. नोंद पहिल्यांदा झाली तो जुना फेरफार काढावा. ती सापडली की वारसांच्या वंशावळीसह नोंद कमी करण्याचा अर्ज करता येतो, ई-हक्क प्रणालीवर त्याचा स्वतंत्र प्रकारच आहे. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, फेरफार धरतो, सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि वेळ लागतो. आणखी एक. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून, देशात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेच्या जन्मतः वाटेकरी, आहेत. थोरलं अपत्य मुलगी असेल तर कर्ता होण्याचा हक्क तिचा, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला. गावकीच्या बैठकीत हे अजून फारसं कुणी बोलत नाही.

हाक मारण्यात मात्र लोक कागदाची वाट बघत नाहीत. आगरी-कोळी गावांत ‘दादूस’ म्हटलं की वय, जवळीक आणि थोडा दरारा, सगळं आलं. इमारतीच्या लिफ्टमध्ये तिशीतल्या पुरुषाला पोरं काका करून टाकतात. रिक्षावाला दादा, वाहतूक पोलीस मामा, कामाला येणारी बाई मावशी. यातला एकही शब्द वय तपासून वापरलेला नसतो. काकाचा आजोबा कधी होतो याला मात्र सगळेच जपतात, आणि रबाळे-महाप्यातल्या कंपन्यांत सगळे एकमेकांना नावाने हाक मारू लागले तरी मराठीतून बोलताना ‘तू’ की ‘तुम्ही’ हा पेच सुटलेला नाही.

पंचांगातला ज्येष्ठ थोडक्यात. पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठा नक्षत्राजवळ असतो तो महिना ज्येष्ठ. वृश्चिकेतला तो तांबूस तारा. लग्नाच्या मुहूर्तात थोरला मुलगा, थोरली मुलगी आणि ज्येष्ठ महिना असे तीन ज्येष्ठ जुळले तर ‘त्रिज्येष्ठ’ म्हणून टाळतात. भाद्रपदातल्या गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. म्हणून त्या ज्येष्ठागौरी. जोडीतल्या दोघींना ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणतात. पुराणात ज्येष्ठा हे लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीचं, अलक्ष्मीचं नाव आहे. थोरली म्हणून मान मिळेलच असं देवांतही नाही.

ज्या यादीत या शब्दाला कायद्याचं बळ आहे ती २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्याची. इथे ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण. पण नाव नीट वाचलं की दिसतं, आई-वडिलांना वयाची अटच नाही. ५२ वर्षांची आईही मुलाकडून निर्वाह मागू शकते. साठीची अट आहे ती अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला, ज्याची मालमत्ता ताब्यात असलेल्या किंवा पुढे वारसाने मिळणार असलेल्या नातेवाइकाकडून तो निर्वाह मागतो. दरमहा जास्तीत जास्त १० हजार. न्यायाधिकरणाने नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, फार तर ३० दिवस वाढवून. आदेशावर अपील ६० दिवसांत.

कलम २३ सर्वांत कामाचं आणि सर्वांत जास्त वाया गेलेलं. मुलाच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने करायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, म्हणून ठाण्या-वाशीतले वडील फ्लॅट हयातीतच लिहून देतात. ‘प्रेमापोटी’ एवढंच कारण दस्तात असतं. पुढे सांभाळ झाला नाही तर दस्त रद्द करायची सोय या कलमात आहे, पण सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दिसायला हवं. ती अट गृहीत धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने कायदा उदारपणे वाचून आईला घर परत दिलं, पण तिथे मुलाने सांभाळाचं लिहून दिलेलं वचनपत्र होतं. म्हणून दस्तातच लिहावं: देणाऱ्याला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, जेवण-औषधपाणी आणि मूलभूत गरजा घेणारा भागवील, न भागवल्यास दस्त रद्द होण्यास पात्र. दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी मसुद्यात हे वाक्य आहे का ते स्वतः वाचावं. छापील नमुन्यात ते बहुधा नसतं.

या कायद्याखालचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे. वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, ऐरोली हे सगळं ठाणे तालुक्यात, म्हणून ठाण्याला. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, म्हणून पनवेलला. पण अर्जदार राहतो तिथे, आधी राहत होता तिथे किंवा मुलगा राहतो तिथेही अर्ज चालतो. खारघरच्या मुलाने बाहेर काढलेली आई डोंबिवलीला बहिणीकडे असेल तर तिला पनवेलचे हेलपाटे घालायची गरज नाही. कल्याणला अर्ज द्यावा. सोबत वयाचा दाखला, मुलांची नावं-पत्ते, घराचा दस्त असेल तर त्याची प्रत, आणि दरमहा खर्चाचा साधा तक्ता: औषधं, किराणा, वीजबिल, डॉक्टर. लिहायला जमत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीवर विचारता येतं.